बोट गेली, गाडीही गेली: हिवाळ्याच्या तोंडावर झालेली एक अदलाबदल

न्यू जर्सी आणि आसपासच्या राज्यांत राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींकडे लहानमोठी बोट आहे आणि ज्यांना हौशी मोटार शर्यतींचाही नाद आहे, त्यांच्यासाठी ही हकीगत सविस्तर लिहीत आहे. हे दोन नाद एकाच घरात नांदतात याचे बाहेरच्यांना नवल वाटते, पण ज्यांना ते लागले आहेत त्यांना वाटत नाही. दोन्हींत यंत्र स्वतःच्या हाताने खोलावे लागते, दोन्हींत पैसा पाण्यासारखा जातो, आणि दोन्हींचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असाच असल्यामुळे दरवर्षी कधीतरी एकाला निरोप देऊन दुसरा नीट सांभाळावा, असा विचार मनात येतोच. ‘बोटीच्या बदल्यात शर्यतीची गाडी चालेल’ अशा जाहिराती त्यामुळे नेहमी दिसतात. मला गंडवणाऱ्या माणसाने जी जाहिरात हेरली, ती माझी होती.

माझी बोट म्हणजे 1980 च्या दशकातली कॅटलिना 30 ही शिडाची बोट, न्यू जर्सीच्या बार्नेगट बेवरच्या एका मरीनात ठेवलेली. मला हवी होती ती ‘स्पेक मियाटा’ वर्गात उतरता येईल अशी तयार गाडी. या वर्गात सगळ्यांना माझदाची मियाटाच घ्यावी लागते आणि तिच्यात फेरफार करायला फारशी मुभा नसते, त्यामुळे पैशापेक्षा चालवणाऱ्याच्या हाताला किंमत राहते. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे 1944 साली स्थापन झालेली एससीसीए, हिच्या शर्यतींत या वर्गाला मोठी गर्दी असते ती याचमुळे. अशी चांगल्या स्थितीतली गाडी ट्रेलरसह घ्यायची तर माझ्या बोटीच्या किमतीहून जास्त रक्कम लागणार, हे मला ठाऊक होते, आणि वरचा फरक रोख देण्याची तयारी मी जाहिरातीत लिहिली होती.

ज्याचे उत्तर आले तो गृहस्थ पन्नाशी ओलांडलेला, बोलायला गोड आणि कसलीही घाई नसलेला होता. पहिल्याच फोनवर त्याने ब्रिग्ज कनिंगहॅमचा विषय काढला. दोन्ही नाद असलेल्या माणसाला जिंकायचे असेल तर याहून चांगले नाव नाही. याच कनिंगहॅमने 1950 च्या दशकात स्वतःच्या नावाच्या गाड्या बांधून ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवल्या, त्याच्या गाडीने 1953 साली सेब्रिंगची बारा तासांची शर्यत जिंकली, आणि 1958 साली न्यूपोर्टजवळच्या समुद्रात ‘कोलंबिया’ ही बोट हाकून त्यानेच अमेरिका कप ही शिडाच्या बोटींची नामांकित स्पर्धा जिंकून तो चषक राखला. मोठ्या शिडाची पुढची कड ताणण्यासाठी आपण जी दोरी ओढतो, तिला आजही त्याच्याच नावाने ‘कनिंगहॅम’ म्हणतात. हे सगळे त्या गृहस्थाला तोंडपाठ होते. एवढी माहिती कोणीही एका संध्याकाळी वाचून मिळवू शकतो, ही गोष्ट वेगळी. पण दोन नादांमधल्या या दुव्यावर बोलणारा माणूस भेटला की ओळखपाळख लवकर होते, आणि त्याला हवी होती ती तेवढीच.

तो बोट पाहायला आला तेव्हा त्याने जे केले, ते मुद्दाम लिहितो. पायात रबरी तळाचे बूट, खिशात एक स्क्रूड्रायव्हर. त्या स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने तो डेकवर वीतभर अंतराने ठोकत गेला आणि मास्टच्या उजवीकडे जिथे आवाज बद्द येतो तिथे थांबला. त्या जागी आतल्या लाकडात पाणी शिरलेले आहे, हे मलाही माहीत होते. मग वाकून त्याने कील, म्हणजे बोटीला तोल देणारा खालचा जड पंखा, जिथे बोटीच्या तळाला जोडलेली असते त्या सांध्याची पुढची बाजू पाहिली. कॅटलिना 30 च्या मालकांना तिथली ती वाकडी भेग चांगली परिचयाची असते आणि ते थट्टेने तिला ‘कॅटलिनाचे हसू’ म्हणतात. त्याने ती भेग दाखवून किमतीत दोन हजार डॉलर कमी करून घेतले. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत तो घासाघीस कशाला करील, असे आपले मन आपल्याला सांगते, आणि मुरलेला ठग घासाघीस करतो ती नेमकी त्यासाठीच. शेवटी बोट पंधरा हजारांना, त्याची गाडी आणि बंद ट्रेलर साडेएकवीस हजारांना, आणि वरचे साडेसहा हजार मी रोख द्यायचे, असे ठरले. बँकेतून दहा हजारांहून अधिक रोकड काढली की बँकेला सरकारकडे अहवाल द्यावा लागतो. फरक त्या आकड्याच्या बराच खाली ठेवण्यात त्याचा हेतू असावा, असे तपास अधिकाऱ्याने पुढे सांगितले.

गाडीच्या बाबतीत मी जी तपासणी केली, ती कोणीही जाणकार करील तीच होती, आणि तिच्यात काहीही वावगे निघाले नाही. रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत बसवलेल्या पिंजऱ्याच्या, नळ्यांची जाडी मोजता यावी म्हणून पाडलेली 3/16 इंचाची भोके जागच्या जागी होती. एससीसीएच्या लॉगबुकचा, म्हणजे गाडीच्या तपासण्या आणि शर्यती नोंदवणाऱ्या पुस्तिकेचा, क्रमांक केजवर ठोकलेला होता आणि तो हातातल्या पुस्तिकेशी जुळत होता. पुस्तिकेत मालक म्हणून जे नाव होते तेच नाव त्या गृहस्थाने स्वतःचे म्हणून सांगितले होते, आणि त्या नावाने शर्यतींचे जुने निकालही सापडले. नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोच्या मोफत सेवेत मी गाडीचा सतरा अक्षरी क्रमांक घालून पाहिला, तर चोरीची नोंद नाही असे उत्तर आले. टायटल, म्हणजे राज्याने दिलेला मालकीचा दाखला, मात्र नव्हते, फक्त बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची पावती, होती. पण रस्त्यावर न चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्या सर्रास अशाच विकल्या जातात, त्यामुळे कोणाच्या भुवया उंचावण्याचे कारण नव्हते.

आता बोटीच्या कागदाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. न्यू जर्सीत बारा फुटांहून लांब असलेल्या बोटीला मोटारीसारखेच टायटल असते, आणि विकताना त्याच्या मागच्या बाजूला खरेदीदाराचे नाव लिहून सही करायची असते. ‘बोट मुलीच्या नावावर घ्यायची आहे, आधी माझ्या आणि मग तिच्या नावावर केली तर विक्रीकर दोनदा भरावा लागेल, तेव्हा नावाची जागा कोरी ठेवा, तिचे पूर्ण नाव आणि पत्ता मी घरी जाऊन लिहितो,’ असे त्याने सांगितले. मी सही केली आणि जागा कोरी राहिली. इकडे गाडीच्या बिल ऑफ सेलवर त्याने लॉगबुकातल्या नावाने सही ठोकली. साडेसहा हजार रोख. एवढा मोठा व्यवहार एका सकाळी पुरा झाला आणि त्या माणसाचे स्वतःचे नाव एकाही कागदावर आले नाही, हे तेव्हा लक्षात येण्यासारखे नव्हते, कारण दोन कागद दोन वेगळ्या वस्तूंचे होते आणि दोन्हींमधली पोकळी रिवाजाला धरूनच वाटत होती.

हे सारे ऑक्टोबरच्या अखेरीस घडले, आणि वेळ त्यानेच निवडली होती. त्या सुमारास बोटी पाण्याबाहेर काढतात, इंजिनात गोठणरोधक द्रव भरतात आणि पांढऱ्या प्लास्टिकात आवळून लाकडी ठोकळ्यांवर उभ्या करतात. हिवाळ्याचे भाडे मी एप्रिलपर्यंत आधीच भरलेले असल्यामुळे मरीनाच्या कार्यालयातही कोणाला काही विचारायचे कारण उरले नाही. शर्यतीची गाडी माझ्या गॅरेजमध्ये गेली. दोन्ही नाद एकदमच झोपी जातात, आणि ठगाला पाच महिने मोकळे मिळतात. जून महिन्यात हाच व्यवहार झाला असता, तर पुढच्याच शर्यतीला तो उघडा पडला असता.

वसंत ऋतूत वार्षिक तांत्रिक तपासणीसाठी मी गाडी मिलव्हिलच्या ट्रॅकवर नेली. तपासनीसाने लॉगबुक उघडले, आधीच्या नोंदी पाहिल्या, दाराच्या कडेजवळ रंगीत विनाइलचा कोपरा उचकटला होता तो नखाने जरा ओढला, आणि खालचा मूळ रंग पाहून मला थांबायला सांगून तो फोन करायला गेला. ही गाडी तिच्या ट्रेलरसकट मध्यपश्चिमेतल्या एका हॉटेलच्या वाहनतळावरून रात्रीतून पळवलेली होती, आणि तिथल्या स्पर्धकांनी तिचे वर्णन सगळीकडच्या तपासनीसांना कळवून ठेवले होते. लॉगबुक ट्रेलरमध्येच असते, त्यामुळे चोराला ते गाडीबरोबर आयतेच मिळाले. मालकाने शर्यतीच्या गाडीचा विमा उतरवलेला नव्हता, त्यामुळे विमा कंपन्यांच्या नोंदींवर चालणाऱ्या त्या मोफत सेवेत चोरी दिसणे शक्यच नव्हते. तिची नोंद फक्त पोलिसांत होती. पोलिसांनी त्याच दिवशी गाडी आणि ट्रेलर ताब्यात घेतले आणि पुढे ते खऱ्या मालकाला परत गेले, जे योग्यच झाले.

बोटीचा उलगडा त्यानंतर लवकरच झाला. मेरीलंडच्या एका तरुण जोडप्याने ती नोव्हेंबरमध्ये नऊ हजार रोख देऊन विकत घेतली होती, आणि टायटलच्या त्या कोऱ्या जागेत थेट त्यांचेच नाव होते. कागदोपत्री मीच त्यांना बोट विकली होती. डिझेल इंजिनाच्या एका सुट्या भागाबद्दल विचारायला त्यांनी टायटलवरून माझा पत्ता काढून पत्र लिहिले, म्हणून हे कळले. ठगाने त्यांना स्वतःची ओळख माझा मेहुणा अशी करून दिली होती.

वकिलाने जे सांगितले ते प्रत्येक बोटमालकाने समजून घ्यावे असे आहे. लुइझियाना वगळता अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या मालविक्रीच्या कायद्यात, म्हणजे यूसीसी (युनिफॉर्म कमर्शियल कोड) च्या कलम 2-403 मध्ये, चोरी आणि फसवणूक यांत मोठा भेद केलेला आहे. चोराकडे मालकी नसतेच, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. पण मालकाने फसून का होईना स्वतःच्या हाताने माल दिला असेल, तर ठगाकडे रद्द होऊ शकणारी मालकी येते, आणि ती रद्द होण्याआधी त्याने एखाद्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला तो माल विकला तर ते गिऱ्हाईक पक्के मालक ठरते. गाडी चोरीची होती म्हणून मला ती परत द्यावी लागली, आणि बोट फसवून घेतलेली होती म्हणून मला ती परत मागता येत नाही. एकाच कलमाने दोन्हीकडून माझेच हात बांधले. तेलही गेले, तूपही गेले, असे आपण म्हणतो ते अक्षरशः असे असते. बोटीच्या विमा कंपनीनेही दावा नाकारला, कारण फसवणुकीला बळी पडून मालकाने स्वतःहून वस्तू दिली तर भरपाई नाही, असे कलम बहुतेक पॉलिसींत असते आणि माझ्या पॉलिसीतही ते होते.

मग काय केले असते तर हा माणूस अडकला असता? तो ज्या नावाने वावरत होता ते नाव खरे होते, गाडी खरी होती, पुस्तिकाही खरी होती, त्यामुळे वस्तूची कितीही तपासणी केली तरी उपयोग नव्हता. तपासायला हवा होता तो माणूस. एससीसीएच्या स्पर्धकाकडे परवाना असतो आणि बहुतेक सज्ञान माणसांकडे फोटो असलेले ओळखपत्र असते. दोन्ही मागावीत, आणि व्यवहार नोटरीसमोर किंवा बँकेत करावा. फरकाची रक्कम रोख न देता त्या ओळखपत्रावरच्या नावाने काढलेल्या बँकेच्या चेकनेच द्यावी. लॉगबुकवरच्या मालकाला त्या भागातल्या क्लबमार्फत स्वतंत्रपणे शोधून फोन करावा, विक्रेत्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात जाऊन गाडीचा क्रमांक एनसीआयसी या पोलिसांच्या केंद्रीय नोंदीत पाहायला सांगावे. ती नोंद नागरिकांना खुली नसते, पण कारण सांगितले तर बऱ्याच ठिकाणी पोलीस पाहून देतात. बोट विकत घेणाऱ्यांनी मागच्या बाजूला उजवीकडे वर असलेला बारा अक्षरी क्रमांक टायटलशी ताडावा आणि टायटलवर विक्रेता म्हणून ज्याचे नाव आहे, त्याच्याशी प्रत्यक्ष बोलावे. मेरीलंडच्या त्या जोडप्याने तेवढे केले असते, तर ती रोकड त्यांच्याकडेच राहिली असती आणि बोट माझ्याकडे. कोऱ्या जागेच्या टायटलवर सही करायची नाही, मग समोरचा कराचे, मुलीचे किंवा आजारपणाचे कोणतेही कारण सांगो.

बोलण्यातही एक धागा होता, तो ट्रॅकवरच्या एका जुन्या सोबत्याने दाखवला. कनेटिकटमधल्या लाइम रॉक या ट्रॅकवर रविवारी दुपारी आपण पावसात शर्यत कशी जिंकली, याची मोठी रसभरीत कथा त्या गृहस्थाने मला सांगितली होती. लाइम रॉकच्या शेजाऱ्यांनी 1950 च्या दशकाअखेरीस न्यायालयातून मनाई-आदेश मिळवला, तेव्हापासून तिथे रविवारी शर्यती होत नाहीत. तिथे उतरलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. शिवाय लॉगबुकात मध्यपश्चिमेतल्या रोड अमेरिका आणि ब्लॅकहॉक फार्म्स या ट्रॅकच्या नोंदी होत्या, लाइम रॉकची एकही नव्हती. पुस्तिकेतल्या नोंदी आणि विक्रेत्याच्या गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. ‘नुकताच इकडे राहायला आलो’ असे उत्तर आले, तर मागचा पत्ता आणि तिथल्या दोन स्पर्धकांची नावे विचारावीत.

गुन्हा नोंदवला आहे, आणि ते जोडपेही साक्ष द्यायला तयार आहे. ज्यांना गेल्या काही वर्षांत हिवाळ्याच्या तोंडावर बोटीच्या बदल्यात शर्यतीची गाडी, वरचा फरक रोख आणि टायटलवर नावाची जागा कोरी असा प्रस्ताव आला असेल, त्यांनी ते संदेश पुसून टाकू नयेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावेत. व्यवहार फिसकटला असेल तरीही द्यावेत. अशा फिसकटलेल्या व्यवहारांत हा माणूस बहुधा निष्काळजी राहिला असेल आणि फोन क्रमांक किंवा चेहऱ्याचा फोटो मागे ठेवून गेला असेल, असे तपास अधिकाऱ्याचे म्हणणे आहे.