नंबरचा गॉगल की व्हायझरचे हेल्मेट?

पणजी–रायबंदरच्या बांधावर मांडवीचा वारा तोंडावर घेत सायकल चालवताना चष्म्याच्या कडेने शिरणारी धूळ आणि चिलटे डोळ्यांत पाणी आणतात. त्यावर नंबरचा वळणदार गॉगल आणि व्हायझरचे, म्हणजे डोळ्यांसमोर पडदा असलेले, हेल्मेट असे दोन उपाय आहेत. पॉलिकार्बोनेटच्या काचांचा गॉगल हलका असतो, आघात सोसतो, अतिनील किरण अडवतो आणि डोळ्यांना कडेनेही झाकतो. मात्र नंबर जास्त असल्यास वळणदार काचेच्या कडेला दृश्य वेडेवाकडे दिसते आणि अंधारासाठी साधा चष्मा सोबत बाळगावाच लागतो. उजेडानुसार रंग बदलणाऱ्या काचा घ्याव्यात, तर त्या उष्ण हवेत पुरेशा गडद होत नाहीत, ही गोव्याच्या उन्हाळ्यात मोठीच उणीव आहे.

चुंबकाने बसणारा व्हायझर नेहमीच्या चष्म्यावरून येतो आणि सायंकाळी काढून ठेवता येतो. पण पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर वेग मंदावला की दमट हवेमुळे चष्म्यावर वाफ धरू शकते. तरीही रोज कामावर सायकलने जाणाऱ्याला मी व्हायझरच सुचवेन. हेल्मेटखाली मात्र दोन्ही बाबतींत पातळ सुती टोपी हवी: ती कपाळावरचा घाम टिपते आणि पावसाळ्यात तिची पुढे आलेली लहानशी कड काचांवर येणारे बरेच थेंब अडवते.