साडेपाचाची साडेचार: नळी बदलून घेतल्यावरचे आठ महिने

आण्णांची, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची, एअर रायफल ५.५ मिलिमीटरची. इंचात ०.२२, म्हणून सगळे तिला पॉइंट टू टू म्हणतात. मधोमध मोडून छर्रा घालायची, आत स्प्रिंग, दस्ता जड लाकडाचा. दादरची जागा सोडून दापोलीला कायमचे जायला निघाले तेव्हा म्हणाले, "तूच घे बाबा. नाहीतर भंगारात जाईल."

घ्यायला हरकत नव्हती, पण २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद असलेली एअर रायफल परवान्याखाली येते. आण्णांच्या रायफलीची ताकद त्याच्या निम्मीही नव्हती, घोडं अडलं ते नळीच्या मापावर. म्हणून ती माझ्या घरी न आणता थेट एका परवानाधारक दुकानात जमा केली आणि तिथल्या मिस्त्रींना विचारलं, नळी लहान मापाची करता येईल का?

ते हसले. "साहेब, भोक मोठं करायला सांगा, संध्याकाळी देतो. लहान करायचं तर आधी मोठंच करावं लागतं."

म्हणजे जुनी नळी आतून कोरून रुंद करायची आणि तिच्यात ४.५ ची, आतून पिळाचे आटे पाडलेली नवी बारीक नळी बसवायची. बाहेरून तीच रायफल, तीच बिजागरी, नेम धरायची पुढची माशीही तीच. काडतुसाच्या रायफलीबाबतही लोक हेच विचारत येतात, असं ते म्हणाले. काडतूस बसतं ते मागचं घर एकदा मोठ्या काडतुसासाठी कापलं की कापलं. लहान काडतूस हवं तर मागचा तुकडा उडवून, नळी मागे सरकवून नवं घर कापायचं, तेही गोळीचा व्यास तोच असेल तर. नाहीतर सरळ नवी नळी. शिवाय परवान्यावर बोअर, म्हणजे नळीचं माप, लिहिलेला असतो, त्यामुळे कागद आधी आणि लेथ नंतर. त्यामानाने माझं काम किरकोळ होतं.

किरकोळ म्हणजे साडेसहा हजार आणि पाच आठवडे. या पैशांत थोडी भर घालून साधी नवी एअर रायफल आली असती, हे बायकोने तेव्हाही सांगितलं आणि अजूनही सांगते.

आता वापराबद्दल. मित्राच्या यंत्रावर वेग आधी आणि नंतर मोजला. जुन्या नळीतून ०.९४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १३५ मीटरने जायचा, आता ०.५३ ग्रॅमचा १७५ मीटरने जातो. ताकद साधारण ८.६ ज्यूलवरून ८.१ वर आली. स्प्रिंग तीच, पण हलक्या छर्‍याला ती आपली सगळी ताकद देऊ शकत नाही. मला त्याचं काही नाही, कागदच तर फाडायचा आहे. फरक जाणवतो तो वेळेत. दहा मीटर जायला पूर्वी ७४ मिलिसेकंद लागायचे, आता ५७. तेवढ्यात छर्रा कमी खाली पडतो, म्हणून पहिल्या दिवशी सगळे नेम सेंटीमीटरभर वर लागले. मागची साइट दोन टिचक्या खाली आणली आणि जमलं.

आत पोलाद भरल्यामुळे तोंडाकडे वजन वाढलंय असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो. मग हिशेब केला तर अख्ख्या नळीत जेमतेम तीस ग्रॅम निघाले. बोलणं बंद केलं.

गुण मात्र कमी झाले. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर बाहेर, आणि छिद्राची कड वर्तुळाला टेकली तरी गुण मिळतो. ५.५ चं छिद्र प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त खात होतं. वर्षानुवर्षं आण्णा ज्या कागदांवर मिरवले, त्यातले काही गुण छर्‍याच्या पोटाचे होते. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

छर्रे आता कुठेही मिळतात, चपट्या तोंडाचे, स्पर्धेचे. देशी डब्यात एखादा सैल, एखादा घट्ट निघतो. जर्मन डबा उघडला की दहाचे दहा नेम रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. पण ते सुरुवातीला नव्हतं. नळीचं तोंड मिस्त्रींनी घाईत घासलं होतं, एका बाजूला बारीकशी कोर राहिली होती, आणि नेम दहाच्या नाण्याएवढे पसरत होते. तोंड पुन्हा गोल करून दिल्यावर सुधारलं.

मोठा घोळ मे महिन्यात झाला. नेम वर-खाली भरकटायला लागले. मला वाटलं हात थरथरतोय, चहा बंद केला. मग रायफल मोडून नळीच्या मागच्या कडेवर नख फिरवलं तर पायरी लागली. आतली नळी केसभर सरकली होती, चिकटवलेला डिंक सुटला होता. सांध्यावर टिश्यू पेपर ठेवून बार काढला, तर कागद फडफडला, म्हणजे हवा तिथूनच जात होती. मिस्त्रींनी पैसे न घेता पुन्हा बसवून दिली, या खेपेला मागे कॉलर, म्हणजे नळी सरकू न देणारी कड, ठेवून. मग मूळ कामातच कॉलर का नव्हता, याला उत्तर मिळालं नाही. तीन आठवडे पुन्हा गेले.

परत आल्यावर पहिल्या आठ-दहा बारांना धूर आणि जळकट वास. आत तेल जास्त पडलं की स्प्रिंगच्या दाबाने ते पेटतं, आणि त्या बारांचा वेगही खोटा असतो. ओल्या हवेमुळे आपण मुंबईकर तेलाची बाटली रिकामी करतो. बाहेरून करा, आत नको.

रेंजवर परवा एका पोराने विचारलं, "काका, स्वप्नील कुसाळेची पण पॉइंट टू टूच ना?" त्याला म्हटलं, पॅरिसला २०२४ मध्ये त्याला कांस्य मिळालं ते ५० मीटरवर, काडतुसाच्या ५.६ मिलिमीटरच्या रायफलीने. ही हवेची, आणि आता टू टूही नाही. पोरगा हिरमुसला.

जुलैपासून एकच तक्रार उरली आहे. दोन नळ्या जिथे तोंडाशी भेटतात तिथे गंजाची नारिंगी रेघ धरते. दर रविवारी तेलाचा बोळा फिरवतो, गुरुवारपर्यंत ती परत येते.