आर्सेनलची २००५-०६ ची डाळिंबी जर्सी, पाठीवर पिरेस ७ : वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबची, हायबरी या जुन्या मैदानावरच्या शेवटच्या सीझनची ती डाळिंबी जर्सी आठवत असेल सगळ्यांना, तिची रेट्रो कॉपी एका ऑनलाइन दुकानातून मागवली होती, आता भरपूर घालून आणि धुऊन झालीये म्हणून लिहितोय. आधी निकाल सांगतो, घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पण कापड, शिलाई, साइज यापेक्षा जास्त डोकं पाठीवर कोणाचं नाव टाकायचं यावर लावा, कारण ही जर्सी एकट्याने घालून बसायची वस्तूच नाहीये, ती घालून तुम्ही चार आर्सेनलवाल्यांमध्ये गेलात की पुढचे दोन तास काय गप्पा होणार हे त्या नावावर ठरतं.

पहिल्यांदा रंग. नवीन मंडळींसाठी सांगतो, आर्सेनल म्हणजे लाल अंग आणि पांढऱ्या बाह्या हे गणित १९३३ पासूनचं, मॅनेजर हर्बर्ट चॅपमनच्या काळातलं. पण क्लब दक्षिण लंडनमधून हायबरीला आला १९१३ साली, आणि तेव्हाच्या गडद शर्टाची आठवण म्हणून २००५-०६ या एकाच सीझनसाठी क्लबने पांढऱ्या बाह्या बाजूला ठेवून हा अख्खा डाळिंबी शर्ट काढला, वर सगळं सोनेरी, छातीवरचं स्पॉन्सर ओटूचं नाव सोनेरी, पाठीवरचं नाव सोनेरी, नंबर सोनेरी. ९३ वर्षांच्या मैदानाला निरोप द्यायचा तर असा द्यावा. मला विचाराल तर क्लबने काढलेल्या सगळ्या जर्सींमध्ये हीच सगळ्यात देखणी, यावर माझं कोणाशीही भांडायची तयारी आहे.

कॉपीमध्ये हा रंग जमवणं सोपं नसतं. बऱ्याच ठिकाणी सरळ मरून देऊन मोकळे होतात, तो फार तपकिरी दिसतो, काही ठिकाणी जांभळ्याकडे जातो. मला आलेल्या शर्टाचा रंग उन्हात एकदम बरोबर वाटतो, ट्यूबलाइटखाली जरा काळपट, पण जुने हायलाइट्स लावून शेजारी शर्ट धरून बघितला तर फरक काढायला डोळे ताणावे लागतात. इथे पूर्ण मार्क.

आता नावाचं. एक गोष्ट बघून माझं डोकंच फिरतं, ती म्हणजे या जर्सीवर व्हिएरा ४ छापून विकणारे लोक. अरे बाबांनो, पॅट्रिक व्हिएराने ही जर्सी आर्सेनलसाठी कधी घातलीच नाही! त्याची आर्सेनलसाठीची शेवटची किक म्हणजे मे २००५ ची कार्डिफची एफए कप फायनल, मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या शूटआउटमधली जिंकून देणारी पेनल्टी, आणि त्यानंतर गडी गेला युव्हेंटसला. डाळिंबी शर्टाच्या वर्षी तो हायबरीवर आला तो पाहुणा म्हणून, २८ मार्च २००६, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल. आणि त्या मॅचमध्ये काय झालं? मिडफिल्डमध्ये बॉल व्हिएराकडे, आणि पिरेस, हो, आपला विंगर रॉबेर पिरेस, ज्याला टॅकल जमत नाही असं अख्खं जग म्हणायचं, तो घसरत गेला आणि बॉल काढून घेतला, आपल्याच जुन्या कॅप्टनकडून, तिथून बॉल स्ट्रायकर ऑन्रीकडे, ऑन्रीकडून फॅब्रेगासकडे आणि गोल. मॅच २-० झाली, दुसरा ऑन्रीचा. फॅब्रेगास, अठरा वर्षांचा पोरगा, व्हिएराच्या जागेवर खेळतोय, व्हिएराच्याच समोर, आणि त्याला उभं करणारा टॅकल पिरेसचा. म्हणून मी पिरेस ७ घेतला. दुकानाच्या साइटवर अर्थातच ऑन्री १४ सगळ्यात पुढे होता, पण ऑन्री टाकला की गप्पा होत नाहीत हो, सगळे मान डोलावतात, "ऑन्री म्हणजे ऑन्री" म्हणतात आणि विषय संपतो. त्याच्याबद्दल बोलण्यासारखं सगळं सगळ्यांना पाठ आहे.

पिरेसचं तसं नाही. पिरेस निघाला की प्रत्येकाकडे वेगळा पिरेस असतो. आमच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा घालून गेलो तेव्हा हेच झालं, मॅच सुरू व्हायला वेळ होता, मी पाठ फिरवून बसलो आणि मागून आवाज आला, "अरे सात! व्हिलाचा गोल!" मार्च २००२, व्हिला पार्क, बोआटेंगच्या डोक्यावरून बॉल उचलला, पळत जाऊन गाठला आणि गोलकीपर श्मायकेलच्या डोक्यावरून परत उचलून आत टाकला, दोन माणसं, दोन्ही वेळेला बॉल डोक्यावरून. लगेच दुसरा म्हणाला तो गोल ठीक आहे पण त्यानंतर आठवडाभरात न्यूकॅसलविरुद्ध गुडघा गेला ते आठवा, लिगामेंट फाटलं, सीझन संपला, वर्ल्ड कप हुकला, आणि तरीही पत्रकारांचा फुटबॉलर ऑफ द इयर तोच. मग मेमध्ये ट्रॉफी उचलायला तो दुखऱ्या गुडघ्याने पुढे आला तेव्हा बाकीची टीम त्याच्यासमोर वाकून नमस्कार घालत होती, तो व्हिडिओ आजही लावला की गप्प व्हायला होतं. तिसऱ्याचं म्हणणं की हे सगळं सोडा, आकडे बघा, दुखापतीनंतर सलग तीन सीझन लीगमध्ये १४-१४ गोल, विंगरचे, तेही विंगवर न थांबणाऱ्या विंगरचे. आणि शेजारच्या वैऱ्यांविरुद्ध, स्पर्सविरुद्ध, तर विचारूच नका.

त्यात एक नवीन पोरगा होता, मॅनेजर आर्टेटाच्या काळात आर्सेनल बघायला लागलेला, सातवर फक्त साका बघितलेला. त्याने विचारलं, "दादा, एवढा भारी होता तर मला फक्त पेनल्टीचा व्हिडिओ का दिसतो त्याचा?" म्हणजे २२ ऑक्टोबर २००५, हायबरी, मँचेस्टर सिटी. पिरेसने आधीच एक पेनल्टी मारून १-० केलेलं, दुसरी मिळाली आणि या दोघांनी ठरवलं की पिरेस पेनल्टी मारायच्या ऐवजी पास देणार आणि ऑन्री मागून येऊन गोल करणार. १९८२ मध्ये क्रॉयफने आयाक्सकडून हे केलं होतं. पिरेसचा पाय बॉलला जेमतेम लागला, बॉल पुढे गेलाच नाही, फ्रीकिक सिटीला. त्या व्हिडिओत तो हीच जर्सी घालून आहे आणि लोक वीस वर्षं त्यावर हसतायत. पण त्या पोराला मी सांगितलं ते इथेही लिहितो, दोन माणसांचा एकमेकांवर आणि खेळावर केवढा विश्वास असेल तेव्हा १-० अशा नाजूक स्कोअरला असलं काही सुचतं! ती टीम मैदानात काहीतरी करून बघायला उतरायची. मला तो व्हिडिओ आवडतो, मनापासून.

आणि मग शेवट कसा झाला हेही बोलावंच लागतं. ७ मे २००६, हायबरीवरची शेवटची मॅच, विगन. पहिला गोल पिरेसचा. मग विगन चक्क २-१ पुढे, आणि मग ऑन्रीची हॅटट्रिक, ४-२, पेनल्टी मारल्यावर तो खाली वाकला आणि गवताचं चुंबन घेतलं. तिकडे स्पर्स वेस्ट हॅमकडून हरले आणि चौथा नंबर आपल्याकडे आला. बरोबर दहा दिवसांनी पॅरिसची चॅम्पियन्स लीग फायनल, बार्सेलोनाविरुद्ध, गोलकीपर लेमनला १८ व्या मिनिटाला रेड कार्ड, दुसरा गोलकीपर आत आणायचा तर कोणीतरी बाहेर जायला हवं, आणि बोर्डवर नंबर लागला ७. पिरेसची आर्सेनलसाठीची शेवटची मॅच म्हणजे ती अठरा मिनिटं. आपल्या कॅम्पबेलचा हेडर, मग बार्सेलोनाचे एटू आणि बेलेटी, २-१ ने हरलो. त्या दिवशी टीमने पिवळी जर्सी घातली होती, त्यामुळे निदान या डाळिंबी शर्टावर ती रात्र लागलेली नाही. मला मॅनेजर वेंगरचा निर्णय तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही, दहा जणांमध्ये बॉल पायात ठेवू शकणारा माणूस हवा होता. यावर आमच्यात दोन तट आहेत आणि दोन्हीकडचे जीव तोडून बोलतात. उन्हाळ्यात पिरेस व्हियारियालला, कॅम्पबेल पोर्ट्समथला, बर्गकॅम्प रिटायर, अॅशली कोल चेल्सीला. मैदान गेलं आणि त्याबरोबर अर्धी टीम गेली. २८४ मॅच, ८४ गोल, एवढ्यावर पिरेसचा हिशोब थांबला.

हां, वस्तूकडे येतो परत. कापड आजकालच्या रेट्रो शर्टांसारखंच, पॉलिस्टर, जरा जाड, सुरुवातीला कडक वाटतं पण दोनतीन धुण्यांनंतर मऊ पडतं. बनियनशिवाय घातलं तर क्रेस्टच्या, म्हणजे छातीवरच्या क्लबच्या चिन्हाच्या, मागची शिलाई टोचते, आत एक पातळ कापडाचा तुकडा लावला असता तर हा त्रास झाला नसता. क्रेस्ट भरतकाम केलेला आहे, धागे नीट, तोफेचं चाक स्पष्ट दिसतं, स्वस्तातल्या शर्टात तिथे नुसता गोळा असतो.

नंबरचा फॉन्ट बरोबर आहे हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं होतं. १९९७ ते २००७ प्रीमियर लीगमध्ये सगळ्या क्लबना एकच फॉन्ट होता, जाड, कडेला बॉर्डर आणि नंबरच्या खालच्या टोकाला लीगचा छोटा सिंह. इथे सिंहासकट सगळं आहे. फक्त नावातली अक्षरं जरा जवळजवळ बसलीत, आणि सोनेरी रंग हवा त्यापेक्षा पिवळा आहे, लांबून कळत नाही, जवळून कळतं. मोठी तक्रार एकच, सातच्या खालच्या टोकाची कड उचलायला लागलीये, नखाने दाबली की बसते आणि परत उठते. दुकानाला फोटो पाठवून कळवलं तर उत्तर आलं की प्रिंटवर वॉरंटी नाही. हे चुकीचं आहे, लोक या शर्टासाठी पैसे मोजतात ते मुळात त्या प्रिंटचे. त्यामुळे घेणार असाल तर प्रिंटबद्दल आधी लेखी विचारून घ्या. धुताना उलटा करून, गार पाण्यात, हाताने, पिळायचा नाही, आणि नंबरवर इस्त्री तर अजिबात नाही.

साइज ओरिजिनलच्या मानाने घट्ट आहे. तेव्हाचे शर्ट सैल असायचे, ऑन्री पळायला लागला की शर्ट मागे फुगायचा, ते रूप हवं असेल तर नेहमीपेक्षा एक साइज मोठी मागवा. बाह्या कोपरापर्यंत येतात, ते मात्र अगदी तेव्हासारखं.

आता कोणाचं नाव टाकायचं. बर्गकॅम्प १० टाकणाऱ्याला कोण नाही म्हणणार, एप्रिल २००६ मध्ये वेस्ट ब्रॉमविरुद्ध त्याच्या नावाचा दिवस ठेवला होता, स्टेडियममध्ये सगळीकडे केशरी, आणि हा माणूस बेंचवरून उतरून शेवटी शेवटी गोल करतो, त्याचा आर्सेनलसाठीचा शेवटचा. पण मी म्हणेन की जरा आत शिरा. तूरे २८ घ्या, हायबरीवरचा युरोपियन मॅचमधला शेवटचा गोल त्याचा, व्हियारियालविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये. फ्लामिनी १६ घ्या, कोल आणि क्लिशी दोघंही जखमी म्हणून मिडफिल्डर माणूस लेफ्टबॅकला उभा केला आणि एबुए, तूरे, सेंडेरॉसबरोबर त्याने रियाल माद्रिद, युव्हेंटस, व्हियारियाल कोणालाच गोल करू दिला नाही. रेयेस ९ घेतलात तर एक लक्षात ठेवा, जुने फॅन ते नाव बघून क्षणभर थांबतील, २०१९ ला अपघातात गेला बिचारा, वय अवघं पस्तीस, आणि त्याच्या डाव्या पायाबद्दल बोलायला लोकांना कोणी विचारतच नाही, तुम्ही विचारा.

मी दुसरा शर्ट मागवतोय, या वेळी दुसऱ्या दुकानातून, त्यांचा सोनेरी रंग फोटोत तरी जास्त बरोबर वाटतोय. त्यावर गिल्बर्टो १९. आमच्यातला एकजण आत्तापासूनच म्हणतोय की गिल्बर्टोवर बोलण्यासारखं काय आहे, आणि मी एमिरेट्सवरच्या, म्हणजे हायबरीनंतरच्या नव्या मैदानावरच्या, पहिल्या लीग मॅचमधला व्हिलाविरुद्धचा बरोबरीचा गोल काढून ठेवलाय त्याच्यासाठी.