कन्नड-मराठी ऑनलाइन दुभाषीकामाचा सेटअप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरून कॉन्फरन्स कॉलचं दुभाषीकाम सुरू करताना बहुतेक जण पहिला खर्च माइकवर करतात. आठ महिने हा सेटअप वापरल्यावर आमचं ठाम मत झालंय की पैसा आधी ऐकण्यावर घालावा. वक्त्याचा शब्दच नीट ऐकू आला नाही, तर भारी माइकमधून आपण अंदाजच बोलणार.

आमची जोडी दोघांची, एक बेळगावात आणि एक निपाणीत. उसाच्या शेतीचं प्रशिक्षण, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीतले सुरक्षावर्ग, बचत गटांच्या बैठका अशी कामं असतात. भाषा कन्नड आणि मराठी, अधूनमधून इंग्रजी.

हेडसेट दोन्ही कानांचा, यूएसबी वायरचाच घ्या. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की बहुतेक हेडसेटमध्ये येणारा आवाजही दबतो, ८,००० हर्ट्झच्या वरचं काही पोचत नाही. दुभाष्यांच्या उपकरणांचं आंतरराष्ट्रीय मानक १५,००० हर्ट्झपर्यंत मागतं. वरचा भाग कापला गेला की ‘स’ आणि ‘श’ सारखेच वाटायला लागतात आणि तासाभरात डोकं जड होतं. शिवाय आवाज उशिरा पोचतो तो वेगळाच. माइकची दांडी तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला ठेवा, म्हणजे श्वास आदळत नाही. पावसाळ्याच्या दमटपणात कानावरच्या गाद्यांचं रेक्झिन सहा महिन्यांत सोलून निघालं, काळे कण कानाला चिकटायचे. आता वर कापडी खोळी घातल्यात.

पण आपला हेडसेट कितीही चांगला असला तरी समोरच्याचा आवाज त्याने सुधारत नाही. हॉलमध्ये टेबलावर एक लॅपटॉप आणि भोवती वीस माणसं, असा आवाज कुणालाच नीट दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. काम घेतानाच अट घालावी : बोलणाऱ्याने वायरचा इअरफोन लावायचा, साधा असला तरी चालेल. एवढी एक अट पाळली गेली तर निम्मा त्रास तिथेच संपतो. झूममध्ये पार्श्वभूमीचा गोंगाट दाबण्याची सोय वक्त्याकडे ‘हाय’वर असेल तर शब्दांची टोकं गिळली जातात, ती ‘लो’वर ठेवायला सांगा.

इंटरनेट वायफायवरून नको. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत १५ मीटरची कॅट-६ केबल टाकली आणि मधेच शब्द तुटणं बंद झालं. वेग फार लागत नाही, लागतो तो स्थिरपणा.

लाइट जाणं हा इथला खरा प्रश्न. घरात इन्व्हर्टर असूनही कॉल तुटतो, कारण साध्या मोडवर इन्व्हर्टरला बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात राउटर बंद पडतो आणि परत उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’वर टाका आणि राउटरला १२ व्होल्टचा वेगळा मिनी यूपीएस लावा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत. नुसता राउटर चालू राहिला तर वायफायची खूण दिसते आणि नेट मात्र नसतं. घेण्यापूर्वी दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट मिनी यूपीएसशी जुळतात का ते पाहा आणि अ‍ॅम्पिअरची बेरीज करा. आमचा मिनी यूपीएस नवा असताना तीन तास चालायचा, आता दोन.

खोली पत्र्याखालची असेल तर जून ते सप्टेंबर कॉल घेऊच नका. कौलाखाली चालतं. भिंतीला दोन जाड वाकळा टांगल्या की घुमणं बरंच कमी होतं, महागडा फोम लागत नाही.

झूमची इंटरप्रिटेशनची सोय, म्हणजे ऐकणाऱ्याने आपल्या भाषेचा चॅनेल निवडून दुभाष्याला ऐकण्याची सोय, आधी वेब सेटिंगमध्ये चालू करावी लागते. भाषांच्या यादीत मराठी-कन्नड दिसलं नाही तर तिथेच नावं घाला. कायमच्या वैयक्तिक आयडीवर ही सोय चालत नाही, मीटिंगसाठी नवा आयडी हवा. इंटरप्रिटेशन सुरू करणारा यजमान संगणकावर हवा, मोबाइलवरून ते जमत नाही. छोट्या गटांच्या खोल्यांतही ही सोय मिळत नाही, हे आयोजकाला आधीच सांगा.

सगळ्यात जास्त चूक होते ती भाषेच्या बटणाची, म्हणजे आपण कोणत्या भाषेच्या चॅनेलवर बोलतोय ते ठरवणाऱ्या बटणाची. वक्ता कन्नड सोडून मराठीत आला की आपलं बटणही कन्नडवर न्यावं लागतं, नाहीतर मराठी चॅनेलवर कन्नड ऐकू येतं. आपल्याकडे तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा येतात. एखाददुसऱ्या वाक्यासाठी बटण हलवू नये, सुरू असलेल्या चॅनेलवरच पुढे बोलत राहावं. बदल तीन-चार वाक्यं टिकला तरच बटण फिरवावं. यात कन्नड ऐकणाऱ्याचं एखादं वाक्य सुटतं, पण सारखी उलटापालट झाली तर दोघांचंही बिघडतं.

आम्ही दोघं आळीपाळीने बोलतो, पाळी २० मिनिटांची ठेवतो. बदल व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतो, फोन म्यूट करून. मोकळा असलेला जोडीदार तेवढ्यात आकडे लिहून पाठवतो आणि हे काम अजिबात दुय्यम नाही. कन्नडमध्ये ५९ म्हणजे ऐवत्तोंबत्तु, पन्नास आधी आणि नऊ नंतर. मराठीत ‘एकोणसाठ’ म्हणायला पूर्ण आकडा ऐकूनच तोंड उघडावं लागतं. उलट दिशेने ‘पावणेदोनशे’ आलं की मनात १७५ मांडून नूरा एप्पत्तैदु म्हणायचं. फवारणीच्या औषधाचं प्रमाण सांगताना इथे चुकलं तर शेतकऱ्याचं पीक जातं.

वाक्यरचनेची मात्र सोय आहे. क्रियापद दोन्हीकडे शेवटी, त्यामुळे इंग्रजीपेक्षा कमी अंतर ठेवून मागोमाग बोलता येतं. त्याच वेगात सारखे दिसणारे शब्द दगा देतात. कन्नड ‘अवसर’ म्हणजे घाई, ‘अनुमान’ म्हणजे संशय, ‘प्रपंच’ म्हणजे जग. अशा शब्दांची यादी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनच्या बाजूला चिकटवून ठेवावी.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आतल्या गावांतून काही जण साध्या फोन नंबरवरून कॉलमध्ये येतात. त्यांना मूळ आवाजच मिळतो, भाषांतर नाही. अशांना अ‍ॅपमधूनच पण व्हिडिओ बंद ठेवून यायला सांगा, नुसत्या आवाजाला साधारण १०० केबीपीएसचा नेटवेग पुरतो. शक्यतो कॉलच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून चॅनेल निवडायला शिकवा, ऐनवेळी ते होत नाही.