लायब्ररी ओढून आणायची की घरातच ठेवायची?

देवगडला माझ्या आतेभावाची आंब्याची शेड आहे. वजनकाट्यावरून ग्रॅम वाचायचे, फळ कुठल्या पेटीत जाणार ते ठरवायचं आणि नोंद ठेवायची, एवढंच करणारा सी प्लस प्लसमधला एक छोटा प्रोग्राम मी त्याच्यासाठी सांभाळतो. नोंदींसाठी त्यात एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आहे आणि लेबलावरचा मजकूर जुळवायला एफएमटी. दोन्ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. दोन्ही लायब्ररी मी दोन्ही तऱ्हांनी जोडून पाहिल्या. सीमेक म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम कसा बनवायचा (बिल्ड) ते मांडून देणारं साधन; ही मांडणी म्हणजे कॉन्फिगर. आधी त्याच्या फेचकंटेंटने, म्हणजे कॉन्फिगरच्या वेळी नेटवरून ओढून. नंतर त्यांचा सोर्स सरळ प्रोजेक्टमधल्या एका फोल्डरात ठेवून.

एक गोष्ट आधीच सांगतो. लायब्ररी कुठूनही आणा, एरर साधारण त्याच येतात. हेडर (लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत ते सांगणारी फाइल) सापडलं नाही अशी ओरड आली तर पाथ चुकलाय, कंपायलर अजून तुमच्या कोडपर्यंत पोचलेलाही नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आला तर कंपाइल नीट झालंय, पण तयार तुकडे एकत्र जोडणाऱ्या लिंकरला फंक्शनचं अंग मिळत नाहीये. या दुसऱ्या एररवर इन्क्लूडच्या (हेडर मागवणाऱ्या) ओळी खालीवर करत बसणारे मी पुष्कळ पाहिलेत. मीही त्यातलाच होतो.

फोल्डरची पद्धत सोपी दिसते, पण तिचे स्वतःचे खड्डे आहेत. एसक्यूलाइटची एकत्रित फाइल सीमध्ये लिहिलेली, दोन लाखांहून जास्त ओळींची. माझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या ओळीत भाषा म्हणून फक्त सी प्लस प्लस लिहिली होती. सीमेकने ती सीची फाइल गुपचूप बाजूला ठेवली, एक शब्द बोलला नाही, आणि शेवटी लिंकर ‘एसक्यूलाइट३_ओपन’ कुठे आहे म्हणून विचारायला लागला. प्रोजेक्टच्या ओळीत सीसुद्धा लिहिलं आणि मिटलं. फाइलचं नाव बदलून सी प्लस प्लसची करण्याचा मोह होतो, तो टाळा. मग व्हॉइड पॉइंटरच्या रूपांतराच्या एररची रांग लागते, कारण ते सीमध्ये आपोआप होतं, सी प्लस प्लसमध्ये नाही. त्याच झिपमध्ये शेलची वेगळी फाइल असते आणि तिच्यात स्वतःचं मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन, असतं. ‘फोल्डरातल्या सगळ्या सी फाइली घे’ असं सांगितलंत की दोन मेन झाल्याची तक्रार येणारच.

एफएमटीने तर एक अख्खी दुपार खाल्ली. फोल्डरात १० आवृत्ती, मशीनवर पॅकेज मॅनेजरने बसवलेली ९. मी हेडरचा पाथ हाताने दिला, लिंकच्या ओळीत नुसतं एफएमटी लिहिलं आणि ॲड-सबडिरेक्टरी, म्हणजे तो फोल्डर बिल्डमध्ये घे असं सांगणारी ओळ, विसरलो. त्या नावाचं टार्गेट (सीमेकला सांगून ठेवलेली, बिल्ड करायची गोष्ट) नसलं तर सीमेक ते सिस्टममधल्या लायब्ररीचं नाव समजतो. म्हणजे हेडर १०चं, लायब्ररी ९ची. एफएमटी आपल्या नेमस्पेसमध्ये (फंक्शनच्या नावाआधी लागणाऱ्या आडनावात) आवृत्तीचा आकडा घालतं, म्हणून एररमध्ये ‘व्ही१०’ दिसलं आणि डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून मी दोन कोलनवालं नाव लिहितो, ‘एफएमटी::एफएमटी’. असं टार्गेट नसेल तर सीमेक कॉन्फिगरलाच अडतो, लिंकपर्यंत जातच नाही.

फेचकंटेंटची बाजूही खरी आहे. सीमेकच्या ३.११ आवृत्तीत तो आला आणि ३.१४ मध्ये मेकअव्हेलेबल ही कमांड आल्यापासून तीनचार ओळींत काम होतं. रिपॉझिटरी हलकी राहते. दोन लायब्ररींना तिसरी एकच लागत असेल तर पहिली घोषणा मानली जाते, नाहीतर एकाच नावाची दोन टार्गेटं म्हणून सीमेक अडून बसतो. नेट चांगलं असेल, चारपाच जण मिळून काम करत असाल, तर मी वाद घालणार नाही. फक्त टॅगच्या (ठरलेल्या आवृत्तीच्या खुणेच्या) जागी ब्रांचचं नाव लिहू नका, ब्रांच पुढे सरकत राहते, काल चाललेलं आज मोडेल.

माझं मत फिरलं ते जूनमध्ये. सीझन उरकला होता, पुढच्या वर्षासाठी बदल करायला मी गावी गेलो होतो. पावसाने जोर धरला, लाईट गेली, तासाभरात मोबाइलचा टॉवरही झोपला. लॅपटॉपला चार्ज होता, घरात शांतता होती, कामाला याहून चांगली वेळ नाही. तेवढ्यात एक विचित्र लिंकर एरर आली. अशा वेळी आपण सगळे काय करतो? बिल्डचा फोल्डर उडवतो आणि पहिल्यापासून चालवतो. मीही उडवला. पण फेचकंटेंटने ओढलेला सोर्स त्या बिल्डच्याच पोटात, डेप्स नावाच्या फोल्डरात असतो. तोही गेला. नवीन कॉन्फिगर सुरू झालं आणि ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’. माझी मूळ एरर राहिली बाजूला, आता आधी लायब्ररी आणायची. रेंजसाठी छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, गेलो, फोन वर धरून उभा राहिलो. आतेभाऊ पडवीतून म्हणाला, “काय रे, परत पयल्यापासून?”

वर आणखी एक. आदल्या दिवशी एफएमटीच्या सोर्समध्ये मी तपासापुरत्या दोन प्रिंटच्या ओळी घातल्या होत्या. त्याही बिल्डबरोबर वाहून गेल्या.

याला उपाय आहेत, मान्य आहे. फेचकंटेंटचा बेस फोल्डर बिल्डच्या बाहेर ठेवता येतो, नेटकडे अजिबात न जाण्याचा, पूर्ण डिस्कनेक्टेडचा पर्यायही आहे. पण ते आधी सुचायला हवं, आणि सुचतं ते सड्यावरून भिजून परत आल्यावर. शिवाय बेस बाहेर काढून नेट बंदच ठेवायचं असेल, तर सोर्स आपल्याच फोल्डरात असलेला काय वाईट?

तेव्हापासून शेडच्या प्रोग्राममध्ये दोन्ही लायब्ररी आत आहेत. बिल्ड दिवसातून दहादा उडवतो, काही वाटत नाही. किंमत मोजावी लागते ती नव्या आवृत्तीची: दुरुस्त्या आपोआप येत नाहीत, आठवणीने आणाव्या लागतात. मी दर जूनमध्ये, गावी निघायच्या आधी पुण्याच्या नेटवर दोन्हींचा नवा सोर्स उतरवतो आणि कोणती आवृत्ती कधी घातली ते शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितो. तुमच्याकडे वॉर्निंगला एरर मानायची सवय असेल तर ॲड-सबडिरेक्टरीने फोल्डर जोडताना सिस्टम हा शब्द घाला, सीमेक ३.२५ पासून चालतो, म्हणजे लायब्ररीच्या हेडरमधल्या वॉर्निंगपायी तुमचं बिल्ड अडत नाही. ऑफिसच्या कामात अजून फेचकंटेंटच आहे. तिथे तो बदला म्हणून मी कोणाच्या मागे लागलेलो नाही.