तंबूबाहेर बसायचं कशावर? मून चेअर, स्टूल की साधी घडीची खुर्ची

कॅम्पिंगसाठी खुर्ची घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी वजन बघतात, मग किंमत. त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की गाडी जिथे थांबते तिथून बसायची जागा किती लांब आहे? पवनेच्या काठी गाडीपासून पन्नास पावलांवर तंबू असेल, तर एक किलो आणि तीन किलो यांतला फरक फक्त डिकीला कळतो. पाचनईहून हरिश्चंद्रगड चढायचा असेल, तर तोच फरक खांद्यांना कळतो.

दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. घरातल्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर असते. सध्या सगळीकडे दिसणाऱ्या मून चेअरची, म्हणजे बारीक दांड्यांवर कापडाची झोळी ताणलेल्या सुट्या भागांच्या खुर्चीची, असते तीस-पस्तीस सेंटिमीटरवर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण साठीच्या माणसाला त्यात बसवा आणि उठताना बघा. हात टेकायला काही नाही, कापडाच्या झोळीत बूड खोल गेलेलं, शेवटी कुणीतरी हात द्यावा लागतो. आईबाबा बरोबर येणार असतील तर मून चेअरचा विचारच सोडा.

तशी ही खुर्ची फार हुशारीने बनवलेली असते. ॲल्युमिनियमच्या दांड्यांतून इलॅस्टिकची दोरी गेलेली असते, झटकलं की दांडे आपोआप एकमेकांत बसतात. मग कापडाच्या चार कोपऱ्यांत चार टोकं अडकवायची. नवीन कापड घट्ट असतं, चौथा कोपरा जाम ऐकत नाही. हेलिनॉक्स या कोरियन कंपनीची ‘चेअर वन’ या घडणीतली सर्वांत प्रसिद्ध. ती साधारण एक किलोची असून कंपनी १४५ किलोपर्यंतचा भार सांगते. त्यांचीच ‘चेअर झीरो’ जेमतेम अर्धा किलो भरते. दोन्ही महाग. आपल्याकडे ऑनलाइन मिळतात त्या बहुतेक याच घडणीच्या स्वस्त आवृत्त्या, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाहेर पडणाऱ्याला त्या पुरतात. फक्त सांगितलेला भार शांतपणे बसणाऱ्याचा असतो, धपकन बसणाऱ्याचा नव्हे. पुढचे पाय उचलून मागे झुलायची सवय असेल तर दांडे जिथे एकत्र येतात तो प्लॅस्टिकचा सांधा आधी जातो.

मून चेअरचा खरा शत्रू जमीन. ७५ किलोचा माणूस चार बारीक टोकांवर बसलेला असतो आणि त्या टोकांचं क्षेत्रफळ मिळून एखाद्या बिस्किटाएवढं. कातळावर काही होत नाही. पण तलावाकाठच्या ओल्या काळ्या मातीत किंवा किनाऱ्यावरच्या वाळूत एक पाय हळूच खाली जातो आणि चहाचा कप हातात असतानाच माणूस कलंडतो. पायांना लावायचे रुंद गोळे किंवा खाली अंथरायची चौकोनी चटई मिळते, ती बरोबर घ्याच. शेकोटीपासूनही थोडं अंतर ठेवा, एक ठिणगी पॉलिएस्टरला भोक पाडायला पुरते. आणि वाऱ्याच्या पठारावर रिकामी खुर्ची उघडी ठेवून फिरायला जाऊ नका.

याउलट छत्रीसारखी मिटणारी, हाताला टेकण आणि कप ठेवायला जाळी असलेली जुनी लोखंडी घडीची खुर्ची. अडीच ते चार किलो, लांबलचक पिशवी, लोकलमध्ये न्यायला वैताग. पण बैठक उंच, उठायला सोपी, जोडजाड काही नाही आणि किंमतही आवाक्यातली. गाडीने जाणाऱ्या कुटुंबाला मी हीच घ्यायला सांगेन. तिला कुणी फॅशनेबल म्हणणार नाही, एवढंच.

स्टुलांचं थोडक्यात सांगतो. तीन पायांचं कापडी स्टूल कितीही खडबडीत जागी डगमगत नाही, कारण तीन टेकू नेहमी जमिनीला लागतातच. नांदूर मधमेश्वरला दुर्बीण लावून तास-अर्धा तास बसणाऱ्या पक्षिनिरीक्षकाला ते उत्तम. त्याहून जास्त वेळ बसलं की मांड्यांना कड रुतते. प्लॅस्टिकच्या चकत्या ओढून उंच होणारं स्टूल रांगेत, लग्नात, मैदानावर कामाचं. वाळूत नेऊ नका, खाचांत रेती गेली की ते ना उघडत ना मिटत.

आणि ट्रेकला? खरं सांगायचं तर फोमची घडीची बसकण. थर्म-अ-रेस्टची ‘झेड सीट’ ६० ग्रॅमची आहे, स्थानिक फोमही चालतो. डिसेंबरच्या पहाटे गार कातळावर बसलात की तिची किंमत कळते. मांडी घालून बसायची सवय असलेल्या माणसाला सॅकमध्ये किलोभर खुर्ची कशाला हवी, हे मला अजून उमगलेलं नाही.

कार्यक्रमांचं गणित निराळं, तिथे मागच्याचाही विचार करावा लागतो. सवाई गंधर्वसारख्या महोत्सवात भारतीय बैठकीत खुर्ची उघडलीत तर मागची रांग तुमची पाठच ऐकेल. तिथे पाय नसलेली, नुसती पाठ टेकायची घडीची बैठक बरी. ती आत नेऊ देतात का, हे आयोजकांना आधी विचारा. वांगणीला रात्रभर आकाशदर्शनाला जाणार असाल तर यातलं काहीच नको. मान वर करून करून अवघडते, त्यापेक्षा सरळ चटई आणि उशी.

मून चेअरच घ्यायची ठरली, तर दुकानात दहा मिनिटं बसून बघा आणि कापडाच्या कोपऱ्यांतले खिसे आतून चाचपा. दांड्याचं टोक तिथेच घुसतं, म्हणून तिथे दुहेरी कापड आणि आडवी-उभी शिवण हवी. खिसा फाटला तर बॅग दुरुस्त करणारा जाड दोऱ्याने शिवून देतो. स्वस्त खुर्चीचा प्लॅस्टिकचा सांधा तुटला तर मात्र तो सुटा सहसा मिळत नाही, नवी खुर्चीच घ्यावी लागते.