गॉर्डिमर की लेसिंग?

वाचनगटासाठी एकच कथा घ्यायची आहे आणि एक मैत्रीण दोघींत अडकली आहे: दक्षिण आफ्रिकी लेखिका नादिन गॉर्डिमरची ‘द ट्रेन फ्रॉम ऱ्होडेशिया’ की ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत) वाढलेल्या डोरिस लेसिंगची ‘नो विचक्राफ्ट फॉर सेल’?

प्रतीक पाहा. गॉर्डिमरकडे लाकडी सिंह. स्टेशनावर तो विकणारा काळा म्हातारा साडेतीन शिलिंग मागतो, गोरा प्रवासी गाडी सुटता सुटता दीड शिलिंगात पदरात पाडून घेतो. बायकोला सिंह आवडलेला असतो, पण त्या भावाची लाज वाटते. घासाघीस आपल्यालाही सवयीची, म्हणूनच ही कथा जास्त बोचते. इथे वर्ण आणि वर्ग एकाच नाण्यात मोजले जातात.

लेसिंगकडे औषधी मुळी. सापाच्या विषाने जाणारे गोऱ्या मालकाच्या मुलाचे डोळे गिडियन हा काळा स्वयंपाकी त्या मुळीने वाचवतो. मग शास्त्रज्ञ औषध विचारायला येतो, तेव्हा गिडियन सगळ्यांना उन्हात तंगडतोड करायला लावून भलतीच फुले हातात ठेवतो. इथे नोकराकडे नकाराची ताकद आहे, म्हाताऱ्याकडे ती नाही.

सोपेपणात लेसिंग सरस. गॉर्डिमरची तुटक वाक्ये दोनदा वाचावी लागतात.

गट नवखा असेल तर लेसिंग. शैलीवर भांडणारी मंडळी असतील तर गॉर्डिमर. माझे मत सिंहाला.